परदेशात पक्कं राहायला निघालात? मेडिकल आणि पीसीसी कधी काढायचं, कसं काढायचं (वडोदऱ्याच्या ओटल्यावरून)

माझ्या धाकट्या भावाने कॅनडाच्या पीआरसाठी (म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी) पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, जूनमध्येच काढून ठेवली होती. एजंट म्हणाला, काढून ठेवा, कधीतरी लागणारच आहे. लागली, पण इन्व्हिटेशन, म्हणजे कॅनडाकडून अर्ज करायचं बोलावणं, आलं थेट फेब्रुवारीत, तोवर त्या कागदाला आठ महिने झाले होते आणि कॅनडाला तुम्ही सध्या राहता त्या देशाची पीसीसी फॉर्म सबमिट करायच्या आधीच्या सहा महिन्यांतली लागते. म्हणजे पहिली गेली रद्दीत, पुन्हा ५०० रुपये, पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा पोलीस घरी, आणि या सगळ्याला हातात साठ दिवस.

मी स्वतः सहा वर्षं कुवेतला इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, परत आल्यावर दांडिया बजारात आमच्या वाड्याच्या ओटल्यावर लॅपटॉप घेऊन बसायची सवय लागली आणि हळूहळू गल्लीतली, नात्यातली पोरं फॉर्म घेऊन यायला लागली. कोणी वेल्डर सौदीला, कोणी नर्स यूकेला, कोणी कोयलीच्या रिफायनरीतलं कॉन्ट्रॅक्ट सोडून ऑस्ट्रेलियाला. मी एजंट नाही, पैसे घेत नाही (चहा आणि कधी सेव उसळ चालते). पण एवढे फॉर्म बघून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे, ती म्हणजे मेडिकल आणि पीसीसी हे दोन कागद काढणं अवघड नाहीच, ते कुठल्या महिन्यात काढायचे तिथेच लोकांचं गणित चुकतं, कारण दोन्ही दुधासारखे आहेत, तारीख संपली की नासले.

सगळ्यात आधी एक वही घ्या

वेबसाइट नंतर उघडा, आधी वहीत मागच्या दहा वर्षांचा हिशोब लिहा. महिना आणि वर्ष धरून कुठे राहिलात, काय काम केलं, कुठल्या देशात किती दिवस होतात. कॅनडाच्या शेड्यूल ए मध्ये, म्हणजे आयएमएम ५६६९ नंबरच्या फॉर्ममध्ये, मागच्या दहा वर्षांची हिस्ट्री मागतात (किंवा तुम्ही अठराचे झाल्यापासूनची, जे अलीकडचं असेल ते) आणि त्यात एक महिन्याची सुद्धा फट चालत नाही. ऑस्ट्रेलियाचा फॉर्म ८० पण तसाच लांबलचक आहे. आपल्याकडे लोकांना नोकरी नव्हती हे लिहायची लाज वाटते, मग दोन नोकऱ्यांच्या तारखा ओढून ताणून जोडतात आणि पुढे एक्सपिरियन्स लेटरवर वेगळीच तारीख निघते. अरे, बेकार होतो तर बेकार लिहा, घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो तर तसं लिहा, त्यांना त्याचं काही नाही, त्यांना फट नको.

सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे फक्त पोलिसांचा दाखला असं जे लोकांना वाटतं ते अर्धंच खरं आहे. पीसीसी तुम्ही देता, पण त्यामागे ते लोक स्वतःची तपासणी वेगळी करतात, कॅनडात बॉर्डर सर्व्हिस एजन्सी आणि त्यांची गुप्तचर संस्था सीएसआयएस यांच्याकडे नाव जाऊ शकतं. सैन्यात होतात का, पोलिसात होतात का, सरकारी पदावर होतात का, कुठल्या संघटनेचे सभासद होतात का, हे सगळं फॉर्ममध्ये विचारतात. कोणी निवृत्त फौजी असेल तर युनिट, रँक, पोस्टिंगच्या जागा आधीच लिहून ठेवा, अशा फाइलींना वेळ जास्त लागतो आणि तो लागणारच, रोज पोर्टल उघडून बघण्याने काही होत नाही. एनसीसी वगैरेवरून उगाच घाबरू नका, पण विचारलं असेल तर लपवूही नका.

नावांची भानगड, खास आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांसाठी

हे बाहेरच्या कुठल्याच गाइडमध्ये सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपली शाळा गुजरातमधली, त्यामुळे बऱ्याच जणांच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि वडिलांच्या नावाला शाळेच्या क्लार्कने प्रेमाने भाई चिकटवलेलं असतं. आमच्या वडिलांचं नाव वसंत, पण भावाच्या दाखल्यावर वसंतभाई आणि पासपोर्टवर नुसतं वसंत. आईच्या बाबतीत तेच, एका कागदावर नावापुढे बेन, दुसऱ्यावर नाही. जन्मगाव जुन्या कागदावर बडोदा, नव्यावर वडोदरा.

त्याहून मोठी गोष्ट बायकांची. आपल्यात लग्नात नाव बदलायची पद्धत, नुसतं आडनाव नाही, काही घरांत पहिलं नाव पण बदलतात, म्हणजे माहेरची सुनीता सासरी येऊन मृणाल झालेली असते. इमिग्रेशनच्या फॉर्ममध्ये पूर्वी वापरलेली इतर नावं असा रकाना असतो, तिथे हे सगळं लिहायचं असतं आणि लोक तो रकाना हमखास रिकामा सोडतात. मग डिग्री एका नावाची, पीसीसी दुसऱ्या नावाची, आणि तिकडचा ऑफिसर विचारतो की या दोन बाया कोण. मॅरेज सर्टिफिकेट, नाव बदलल्याचं गॅझेट असेल तर ते, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अॅफिडेव्हिट, हे आधीच करून ठेवा. पासपोर्टमध्येच दुरुस्ती करायची असेल तर ती पीसीसी आणि मेडिकलच्या आधी, कारण दोन्ही ठिकाणी पासपोर्ट नंबर छापला जातो, नंतर नवा पासपोर्ट काढलात की जुना नंबर कुठे कुठे आहे ते शोधत आणि कळवत बसायचं.

भारताची पीसीसी

दोन प्रकारचे दाखले असतात आणि लोक घोळ करतात. एक मिळतो शहर पोलिसांकडून, तो इथल्या कंपनीत नोकरीला लागताना वगैरे चालतो. दुसरा मिळतो पासपोर्ट ऑफिसमधून, परदेशात राहायला जाण्यासाठी तोच लागतो. पासपोर्ट सेवाच्या पोर्टलवर लॉगिन करा, पीसीसीचा अर्ज भरा, ५०० रुपये ऑनलाइन भरा आणि अपॉइंटमेंट घ्या. आपल्या वडोदऱ्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, वरचं ऑफिस म्हणजे रिजनल पासपोर्ट ऑफिस अहमदाबादला. सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतात, तेव्हा इथे तारीख मिळत नसेल तर आजूबाजूच्या गावातलं पण बघा.

अर्जात देश विचारतात आणि सर्टिफिकेट त्याच देशाच्या नावाचं निघतं. हे नीट वाचा, कारण एकाने ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा दोन्हीकडे फाइल टाकलेली आणि एका पीसीसीवर दोन्ही भागवायचा बेत होता. नाही भागत, दोन देश तर दोन पीसीसी. आणि टुरिस्ट व्हिसावर फिरायला चाललात तर पीसीसी देतच नाहीत, ती नोकरी, लाँग टर्म व्हिसा आणि इमिग्रेशनसाठीच आहे.

जाताना ओरिजिनल पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स स्वतःची सही करून, पासपोर्टवर ऑब्झर्वेशनचं पान असेल तर त्याची पण, आणि पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर रेंट अॅग्रीमेंट नोंदवलेलं ठेवा. पत्ता तोच असेल आणि आधीचं पोलीस व्हेरिफिकेशन स्वच्छ असेल तर काही जणांना लगेच मिळून जाते, बाकीच्यांची फाइल पोलिसांकडे जाते.

आणि इथे आमच्या आईची गोष्ट. भावाची दुसरी पीसीसी, हातात साठ दिवस, त्यातले दहा गेलेले. दुपारी जमादार आले, भाऊ सेकंड शिफ्टला. आई दारात. त्यांनी विचारलं, मुलगा आहे का, तर आई म्हणाली, "तो अत्यारे अहीं नथी" (तो आत्ता इथे नाही). तिला म्हणायचं होतं ड्युटीवर गेलाय. जमादारांनी वहीत काय लिहिलं देव जाणे, पण रिपोर्ट गेला की अर्जदार पत्त्यावर राहत नाही. मग भावाची एक सुट्टी, अहमदाबादची पहाटेची गाडी, तिथे लाइन, खुलासा, लाइट बिल, आधार, शेजारच्या काकांचं पत्र, आणि पुन्हा व्हेरिफिकेशन. दुसऱ्या वेळेला आईला आम्ही घोकून घेतलं, "इथेच राहतो, जन्मापासून, आता नोकरीवर गेलाय, फोन लावून देते." तुम्ही पण घरात सगळ्यांना सांगून ठेवा, शेजारी दोन घरी पण सांगा, आणि अर्जात लिहिलेला मोबाइल उचला, अनोळखी नंबर म्हणून कट करू नका.

एखादी जुनी एफआयआर, सोसायटीतली भांडाभांडी, चेक बाउन्सची केस असं काही असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाला भेटा आणि कोर्टाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा. सुटलेली केससुद्धा फॉर्ममध्ये विचारली असेल तर लिहायची असते.

दुसऱ्या देशात राहिला असाल तर खरी दमछाक इथे

प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. कॅनडा विचारतो, अठराव्या वर्षानंतर आणि मागच्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त कुठे राहिलात. ऑस्ट्रेलिया विचारतो, सोळाव्या वर्षानंतर आणि मागच्या दहा वर्षांत सगळे दिवस मिळून बारा महिने कुठे झाले. म्हणजे मस्कतला चार चार महिन्यांच्या तीन शटडाउनच्या (प्लांट बंद ठेवून दुरुस्तीच्या) ट्रिपा केलेला माणूस कॅनडाला सुटतो, ऑस्ट्रेलियाला सापडतो. यूकेला स्किल्ड वर्करमध्ये ही भानगड सगळ्यांना नाही, हॉस्पिटल, शाळा, सोशल केअर अशा कामांना आहे, तिथेही दहा वर्षांत बारा महिने, सलग किंवा मिळून.

गल्फहून परत येताना लोक तिथली पीसीसी काढून आणतात आणि निश्चिंत होतात. ऑस्ट्रेलियाला बहुतेक वेळा निभावतं, पण कॅनडा म्हणतो की तुम्ही त्या देशात शेवटचं राहिलात त्याच्या नंतरची तारीख पाहिजे, आणि तुमची तर निघायच्या आठ दिवस आधीची. त्यामुळे परत येताना पीसीसीपेक्षा महत्त्वाचं काय आणायचं तर रेसिडेन्सीच्या कार्डाची दोन्ही बाजूंची रंगीत कॉपी (कुवेतची सिव्हिल आयडी, सौदीचा इकामा, यूएईचं एमिरेट्स आयडी), व्हिसाचं पान, एन्ट्री एक्झिटचे शिक्के, कंपनीचं सर्व्हिस लेटर. मी कुवेतहून निघताना सिव्हिल आयडी कंपनीला परत दिली आणि झेरॉक्स नाही काढली, नंतर जुन्या मोबाइलमध्ये गॅलरी चाळून एक धूसर फोटो सापडला त्यावर काम झालं, नशीब.

इथून अर्ज करताना बहुतेक देश बोटांचे ठसे मागतात. अमेरिकेत राहिला असाल तर एफबीआयचा आयडेंटिटी हिस्ट्री रिपोर्ट लागतो, १८ डॉलर फी. यूकेचं काम एसीआरओ हे तिथलं पोलीस रेकॉर्डचं ऑफिस बघतं, ऑस्ट्रेलियाचं फेडरल पोलीस. ठसे घेताना हाताला मेहंदी, सिमेंटने झिजलेली बोटं, वेल्डिंगचे चटके, सगळं आडवं येतं, आठ दिवस आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावा, हसू नका, आमच्या वेल्डर पोराचे ठसे दोनदा रिजेक्ट झाले होते.

कॅनडाचं इन्व्हिटेशन आल्यावर साठ दिवस असतात, गल्फची पीसीसी कधी साठ दिवसांत येते कधी येत नाही. म्हणून माझा हिशोब असा की भारताची पीसीसी इन्व्हिटेशननंतर, जुन्या देशाची मात्र इन्व्हिटेशनच्या आधीच सुरू करायची, कारण तुम्ही तिथे परत राहायला गेला नसाल तर ती जुनी झाली तरी कॅनडाला चालते. या एका ओळीसाठी तरी भावाने मला चहा पाजायला हवा.

काही देश पीसीसीवर अपोस्टिल मागतात, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. तो मानणाऱ्या देशांच्या करारात, हेग कन्व्हेन्शनमध्ये, भारत २००५ पासून आहे, ओमान, बहरीन, सौदी हे पण आता आत आहेत, यूएईला मात्र एम्बसी अटेस्टेशनचा जुनाच रस्ता. मागितलं तरच करा, उगाच पैसे घालू नका.

मेडिकल, पहिला रस्ता: गल्फ

गल्फचं मेडिकल जुन्या लोकांच्या तोंडी अजून गामकाच आहे, आता त्याचं नाव वाफिद. पोर्टलवर स्वतः बुकिंग करता येतं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगसकट डिटेल भरा, फी भरा, स्लिप निघते. साध्या बुकिंगमध्ये सेंटर सिस्टिम ठरवते, सेंटरची तपासणीची फी वेगळी. तपासणीत छातीचा एक्सरे, रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, शिवाय लघवी, बीपी, शुगर, डोळे. निकाल पासपोर्ट नंबर टाकून ऑनलाइन दिसतो, फिट किंवा अनफिट, आणि तो सिस्टिममध्ये राहतो, त्यामुळे एका सेंटरला अनफिट आलं की दुसऱ्या सेंटरला करून घेऊ हा सल्ला देणारा एजंट तुमचे पैसे घालवतो आहे.

कतारचं वेगळं, त्यांची स्वतःची व्हिसा सेंटर आहेत, तिथे बायोमेट्रिक आणि मेडिकल एकाच छताखाली, आपल्याला जवळचं मुंबई.

आणि गल्फमध्ये तिकडे उतरल्यावर रेसिडेन्सी लागताना पुन्हा मेडिकल होतं. इथे फिट म्हणजे तिथे फिट असं नाही. म्हणून घरातलं सोनं गहाण टाकून जाणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, वाफिदच्या आधी स्वतःच्या खर्चाने गपचूप एक एक्सरे आणि हिपॅटायटिसची टेस्ट इथल्या लॅबमध्ये करून घ्या. काय निघायचं ते आपल्या गावात निघू दे. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट ईसीआरचा (जायच्या आधी सरकारी मंजुरी लागणारा) असतो, त्यांनी ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर रजिस्टर असलेल्या एजंटमार्फतच जायचं, आणि अशा एजंटला सर्व्हिस चार्ज म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही. दीड लाख मागतो, पावती देत नाही, तर उठून या.

दुसरा रस्ता: यूके

सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना टीबीचं सर्टिफिकेट, तेही त्यांच्या यादीतल्या क्लिनिकचंच, अहमदाबादला आहे. सर्टिफिकेट सहा महिने चालतं. अकरा वर्षांच्या आतल्या मुलांचा सहसा एक्सरे काढत नाहीत, डॉक्टर बघून प्रश्न विचारतात. बस, बाकी मेडिकल नाही.

तिसरा रस्ता: कॅनडा, ऑस्ट्रेलिया

इथे पॅनल फिजिशियन, म्हणजे त्या देशाने नेमलेले डॉक्टर. तुमचे फॅमिली डॉक्टर एमडी असोत नाहीतर अजून काही, त्यांचा रिपोर्ट चालत नाही, देशाच्या वेबसाइटवर यादी असते त्यातलेच. ऑस्ट्रेलियाला अर्ज टाकल्यावर इमीअकाउंट या त्यांच्या ऑनलाइन खात्यात हॅप आयडी (मेडिकलचा नंबर) मिळतो तो घेऊन जायचं. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीला (कुशल कामगारांच्या पीआरच्या ऑनलाइन पद्धतीला) २१ ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल आधीच करून त्याचा पुरावा अर्जासोबत जोडायचा असतो, आधी सारखं अर्ज टाकून रिक्वेस्टची वाट बघत बसायचं राहिलं नाही. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून जाऊ नका.

रिपोर्ट डॉक्टर थेट ऑनलाइन पाठवतात, तुमच्या हातात फाइल देत नाहीत, एक माहितीचा कागद देतात तो जपून ठेवा. पास नापास पण डॉक्टर ठरवत नाहीत, म्हणून तिथे "साहेब सगळं ठीक आहे ना" असं चार वेळा विचारून त्यांचं डोकं खाऊ नका.

त्या दिवशीच्या छोट्या गोष्टी सांगतो, यातूनच फेरे वाढतात. चष्मा न्या. बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी रोजच्यासारखी घ्या, मेडिकल आहे म्हणून बंद करू नका, आणि प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा. शुगर असेल तर नवा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट न्या. पाळीच्या दिवसांत लघवीची टेस्ट देऊ नका, रक्त दिसलं की पुन्हा बोलावतात. आदल्या दिवशी जिममध्ये जीव काढू नका, लघवीत प्रोटीन येऊ शकतं, आणि क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या पोरांनी डॉक्टरांना तसं सांगावं, क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. माझ्या वहिनीला एक्सरेच्या खोलीत सांगितलं की मंगळसूत्र काढा, ती लग्नानंतर पहिल्यांदा काढत होती, हातात घट्ट धरून उभी राहिली, तर टेक्निशियन म्हणाली वेणी पण वर बांधा, जाड वेणीची सावली फुप्फुसावर पडते. वहिनीने अंबाडा घातला तेव्हा कुठे फोटो निघाला. प्रेग्नंट असाल तर आधीच सांगा, पोटावर शील्ड ठेवून एक्सरे, किंवा बाळंतपणानंतर, असे पर्याय असतात.

जुना टीबी

ज्या विषयावर लोक कुजबुजत येतात तो हा. लहानपणी टीबी झालेला, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरा झाला, घरात कोणी नाव काढत नाही. एक्सरेत डाग दिसतो. गल्फमध्ये जुन्या डागावरूनही अनफिट येतं, तिथे वाद घालून उपयोग नसतो. यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला तसं नाही, तिथे प्रश्न एवढाच की आता अॅक्टिव्ह आहे का. शंका आली तर थुंकीचे तीन नमुने घेतात, तीन दिवस सकाळी, आणि कल्चरचा (लॅबमध्ये जंतू वाढतात का ते बघायच्या टेस्टचा) निकाल यायला आठ आठवडे लागतात. आठ आठवडे! ज्याने तिकीट काढून ठेवलंय त्याने आता कपाळाला हात लावावा.

म्हणून टीबीची हिस्ट्री असेल तर जुनी एक्सरे फिल्म, उपचार पूर्ण केल्याचा कागद, सरकारी दवाखान्यातून घेतला असेल तर निक्षय आयडी (टीबीच्या पेशंटचा सरकारी नंबर), हे शोधून काढा. फिल्म माळ्यावर ट्रंकेत असते, आईला विचारा. दोन फिल्म शेजारी ठेवून डाग बदललेला नाही असं दिसलं तर रेडिओलॉजिस्टचं काम सोपं होतं. आणि टीबी झाला होता का या प्रश्नाला नाही म्हणू नका. डाग बोलतो. खोटं पकडलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ऑस्ट्रेलिया तीन वर्षं (ओळखच खोटी असेल तर दहा), यूके दहा वर्षांपर्यंत. टीबी सहा महिन्यांत बरा होतो हो.

शुगर, बीपी, एक किडनी, बायपास यांनी लोक घाबरतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया बघतात की तुमच्या आजाराचा त्यांच्या सरकारी खर्चावर किती भार पडेल. ऑस्ट्रेलियाने ही मर्यादा १ जुलै २०२४ पासून ५१,००० वरून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली, कॅनडाने आपली २०१८ मध्ये तिप्पट केली. गोळ्यांवर आटोक्यात असलेल्या शुगरला सहसा काही होत नाही. डायलिसिस, मोठं अपंगत्व, मुलाला स्पेशल शाळा लागत असेल, तर मात्र माझ्यासारख्याला न विचारता तिकडच्या रजिस्टर्ड कन्सल्टंटला विचारा.

आणि घरचे. कॅनडाच्या पीआरमध्ये बायको आणि मुलं सोबत येत नसली तरी त्यांचं मेडिकल करावं लागतं, फॉर्ममध्ये नाव लावावं लागतं. "आधी मी जातो, सेट होतो, मग बघू" म्हणून मुलाचं नाव वगळलं तर नंतर त्याला स्पॉन्सर करता येत नाही अशी पाळी येऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच पीआर व्हिसांत घरातला एक अडकला की सगळे अडकतात.

तारखा कशा बसवायच्या

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर पहिल्यांदा कधीपर्यंत देशात पाय ठेवायचा ती तारीख असते, आणि ती बहुतेक वेळा मेडिकल किंवा पीसीसी यातलं जे आधी संपतं त्यावरून ठरते. दोन्ही साधारण बारा महिने चालतात. म्हणजे उत्साहात मेडिकल लवकर केलंत, फाइल अकरा महिने चालली, तर व्हिसा हातात आल्यावर तुमच्याकडे एक महिना. नोकरीचा नोटिस पिरियड तीन महिने. घर विकायचंय, आईची सोय करायचीय, शाळेतून मुलीचं नाव काढायचंय. म्हणून ऑस्ट्रेलियाला अर्ज टाकल्यावर मेडिकल. कॅनडाचं आता आधी करावंच लागतं, तर इन्व्हिटेशन आल्याच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, त्याच्या सहा महिने आधी नको.

पीसीसीचा कागद मिळाला की त्याला लॅमिनेशन करू नका. आमच्या गल्लीत सगळ्यांना हा रोग आहे, रेशन कार्डापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळं प्लॅस्टिकमध्ये. पुढे शिक्का मारायचा असेल तर कुठे मारणार? नुसत्या फोल्डरमध्ये ठेवा, दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करा, फाइलला नाव आणि तारीख द्या.

भावाचा कागद आला, दुसरी पीसीसी साठाव्या दिवसाच्या चार दिवस आधी अपलोड झाली. पीआरच्या कन्फर्मेशनवर जी शेवटची तारीख होती ती मेडिकलच्या तारखेवरूनच आलेली, वहिनीच्या अंबाड्याच्या दिवसापासून बरोबर एक वर्ष. त्याने तिकीट त्याच्या अकरा दिवस आधीचं काढलं, कारण मधे दिवाळी होती आणि आईने सांगितलं होतं, लक्ष्मीपूजन झाल्याशिवाय कोणी कुठे जायचं नाही.